गेंटिंगच्या फूड हॉलमध्ये जेवताना आधी रस्सा विचारा

धानाचे चुकारे हाती आले, पोराला पुण्यात नोकरी लागली, की घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विमानात बसवायचं ठरतं. मग सिंगापूर-मलेशियाची टूर. टूरवाल्याच्या कागदावर गेंटिंग हायलँड्स, म्हणजे मलेशियातलं डोंगरावरचं कॅसिनो आणि हॉटेलांचं ठिकाण, हमखास असतं आणि तिथल्या एका-दोन जेवणांपुढे ‘स्वखर्चाने’ असं छापलेलं असतं. बाकी जेवणं टूरवाला भारतीय हॉटेलात देतो, तिथे काही प्रश्न येत नाही. या स्वखर्चाच्या जेवणाला मात्र गाडीतून उतरवून देतात, दीड तास देतात, आणि समोर असतो चाळीसेक दुकानांचा झगमगता हॉल. एकही पाटी आपल्या लिपीत नाही. आपली निम्मी माणसं तिथे बिस्किटं खाऊन परत गाडीत बसलेली मी पाहिली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

साकोलीकडच्या एका गावात मी पंधरा वर्षं खानावळ चालवते. आम्ही गेलो तेव्हा अकरा जण होतो. सासूबाई, मामा आणि मामी माळकरी. दोघांना साखरेचा त्रास. बाकीचे आमच्याकडच्या तलावांतल्या मासोळीवर वाढलेले, पण बैलाचं-गायीचं मांस कुणालाच चालणारं नाही. एवढ्या सगळ्यांना एका टेबलावर पोटभर जेवू घालायचं, हेच माझं तिथलं काम होतं.

आधी जागा समजून घ्या. गेंटिंग क्वालालंपूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सुमारे सहा हजार फूट उंच डोंगरमाथ्यावर आहे. चिखलदऱ्याच्या दीडपटीहून उंच, त्यामुळे ढग अंगावरून जातात आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. लिम गो टाँग नावाच्या उद्योजकाने १९६५ मध्ये इथे काम सुरू केलं, पहिलं हॉटेल १९७१ मध्ये उघडलं. आज तिथल्या फर्स्ट वर्ल्ड हॉटेलच्या खोल्याच ७,३५१ आहेत. एवढ्या माणसांना रोज जेवण लागतं, म्हणून मोठमोठे फूड हॉल आहेत.

कॅसिनो म्हणजे जुगारघर. ते याच इमारतींत आहे, पण त्याचं दार वेगळं, तिथे पहारा वेगळा, आणि एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. फूड हॉलमध्ये लेकरांना घेऊन खुशाल जाता येतं. फक्त एक काम जेवणाआधी करा: जेवणाचे पैसे वेगळ्या पाकिटात घाला आणि ते पाकीट घरातल्या एका बाईच्या हातात द्या. माणसं ‘नुसतं पाहून येतो’ म्हणून जातात आणि तास लावतात. तोवर टेबलावर म्हातारी माणसं उपाशी बसलेली असतात. त्यांची वाट न पाहता जेवायला सुरुवात करा.

घरूनच करून न्यायचं

निघायच्या आठ दिवस आधी प्रत्येकाला विचारा की काय चालत नाही. ‘मी शाकाहारी’ एवढ्याने भागत नाही. अंडं चालतं का? कांदा-लसूण चालतो का? त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी तर नाही ना, तेही पंचांगात बघून ठेवा. मग प्रत्येकासाठी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या. त्याच्या एका बाजूला इंग्रजी अक्षरांत मलय वाक्य आणि दुसऱ्या बाजूला मोबाईलवरून भाषांतर करून चिनी अक्षरांत तेच वाक्य, असं नातवाकडून लिहून घ्या. मलय वाक्य असं: ‘साया तक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलूर.’ म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, झिंगे, अंडं खात नाही. ज्याला जे चालतं तो शब्द खोडून टाकायचा. दुकानदार कार्ड वाचतो, मान हलवतो किंवा हात हलवतो. भाषा येत नसली तरी त्या हाताचा अर्थ कळतोच.

थोडे शब्द मात्र पाठच करा, कारण पाट्यांवर तेच असतात. नासी म्हणजे भात, मी म्हणजे नूडल्स, सायूर म्हणजे भाजी, तौहू म्हणजे सोयाबीनचं पनीर. आपल्या शेतातलं सोयाबीन तिथे अशा रूपात भेटतं. पेदास म्हणजे तिखट. दागिंग म्हणजे खरं तर मांस, पण पाटीवर दागिंग दिसलं की ते बहुतेक वेळा गाय-बैलाचंच असतं. लेंबू म्हणजे गाय, हा शब्द नजरेत ठेवा. लिंबू समजून आमच्या मुलाने बोट दाखवलंच होतं. बाबी म्हणजे डुक्कर.

सोबत जवसाची चटणी, लोणचं न्या. पण ते खोलीवर खायला, हॉलच्या टेबलावर डबा उघडू नका, बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं चालत नाही. आणि खर्रा घरी ठेवा. सिंगापुरात चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, विमानतळावर बॅगेत सापडला तर अख्ख्या ग्रुपचा खोळंबा होतो.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं

शक्यतो अकराला किंवा तीनला जा. साडेबारा ते दोन आणि संध्याकाळी सात ते साडेआठ बसायला खुर्ची मिळत नाही. टूरवाल्याने वेळ ठरवली असेल तर निदान गाडीतून उतरताच थेट हॉलमध्ये जा, फोटो नंतर काढा.

आधी टेबल धरा. म्हातारी माणसं आणि पिशव्या तिथे बसवा, एक जाणता माणूस त्यांच्यासोबत ठेवा. बाकीच्यांनी काहीही विकत न घेता सगळ्या दुकानांना एक फेरी मारायची. लग्नाच्या बुफेत आपण करतो तेच. या फेरीत पदार्थांचे फोटो बघू नका, स्वयंपाक करणाऱ्याचे हात बघा. एकच कढई आहे की दोन? भाज्यांच्या डब्याशेजारी काय ठेवलं आहे? पातेल्यात उकळतंय ते काय आहे? पाच मिनिटं उभं राहिलं की दुकानाचं सगळं कळतं.

हलालची पाटी आहे का तेही बघा. ती असेल तर डुक्कर, त्याची चरबी आणि दारू त्या स्वयंपाकात नाही, एवढं नक्की. पण हलाल म्हणजे शाकाहारी नव्हे. कोंबडी, गाय तिथे असतेच. काही हॉल पूर्ण हलाल असतात, काहींत चिनी दुकानं वेगळी असतात.

पैसे बहुतेक दुकानांत आधी द्यायचे. कुठे माणूस घेतो, कुठे मोठ्या मोबाईलसारख्या पडद्यावर बोट लावून मागवायचं आणि कार्ड टेकवायचं. मग हातात नंबरची चिठ्ठी देतात किंवा प्लास्टिकची चकती, जेवण तयार झालं की ती थरथरते. वाढायला कुणी येत नाही, ट्रे आपणच आणायचा. रिंगिट म्हणजे तिथलं चलन, त्याला मनातल्या मनात त्या दिवशीच्या भावाने गुणा. आम्ही गेलो तेव्हा एक ताट साधारण पंधरा ते पंचवीस रिंगिटला पडलं. महाग वाटतं, पण ताटं मोठी असतात. दोघांत एक मागवा आणि कमी पडलं तर पुन्हा जा. अकरा जणांना आम्हाला सात ताटं पुरली.

पाणी फुकट मिळत नाही, याची मनाची तयारी ठेवा. आपल्याकडे टपरीवरही आधी पाण्याचा गिलास ठेवतात, तिथे पाणी मागवलं की पैसे. खोलीतून उकळलेलं पाणी बाटलीत भरून न्या. कोमट हवं तर ‘आयर सुआम’ म्हणा, थंडीत म्हाताऱ्यांना तेच बरं पडतं.

रस्सा विचारा

आता मुख्य गोष्ट. आपण दुकानावर जाऊन विचारतो, ‘यात चिकन आहे का?’ तो सांगतो, ‘नाही.’ तो खोटं बोलत नाही. वरून चिकनचा तुकडा त्याने घातलेला नसतो. पण खालचा रस्सा हाडांचा, तेल चरबीचं, मसाल्यात वाळलेले झिंगे वाटलेले. पूर्वेकडच्या स्वयंपाकात मांस बहुतेक वेळा दिसतं तिथे नसतं, ते पाण्यात उतरलेलं असतं. म्हणून विचारायचं असं: सूप कशाचं? तेल कोणतं? चटणीत काय वाटलं?

हे मी शिकले ते सासूबाईंच्या ताटावर. पहिल्या दिवशी एका दुकानात काचेमागे पांढरा भात दिसला. मी म्हटलं, नुसता भात आणि वर उकडलेली पालेभाजी घेऊ, आईंना चालेल. दोन घास घेऊन त्या थांबल्या. ‘वो सूनबाई, भात मऊ आहे, पण याले कायचा तरी वास येते.’ मी चमच्याने भात उलटून पाहिला. शीत न शीत चकाकत होतं, रंग किंचित पिवळा, आणि ताटाच्या कडेला तेलाची बारीक रेघ. धानाच्या मुलखात जन्म गेला, साधा भात असा चकाकत नाही हे मला काचेबाहेरूनच कळायला हवं होतं. तो चिकन राइसचा भात होता. हाइनान पद्धतीचा हा भात कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून, तिच्याच उकडलेल्या पाण्यात शिजवतात. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं, एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उपास धरला. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तो सगळा दोष माझा. पाटीवर ‘नासी आयाम’ लिहिलेलंच होतं.

साधा भात हवा असेल तर शब्द आहे ‘नासी पुतिह’. पुतिह म्हणजे पांढरा. हा शब्द पुठ्ठ्यावर मोठा लिहा.

दुकानागणिक काय मागायचं

भारतीय-मलेशियन दुकानापासून सुरुवात करा, विशेषतः म्हातारी माणसं सोबत असतील तर. तिथे रोटी चनाई मिळते. मैद्याचा गोळा तेलाच्या हाताने चापट करतात आणि हवेत फिरवत फिरवत एवढा पातळ करतात की पलीकडचं दिसतं, मग घडी घालून तव्यावर. आपल्याकडे मडक्यावरच्या लंबी रोटीची कणीक बायका हातावर झुलवतात ना, अगदी तोच हात. सासूबाई खुर्ची सोडून उठून ते बघायला गेल्या. साधी हवी तर ‘रोटी कोसोंग’ म्हणायचं, कोसोंग म्हणजे रिकामी, काही न भरलेली. अंडं घातलेली ती रोटी तेलूर. काही ठिकाणी कणकेतच अंडं असतं, म्हणून कार्ड दाखवाच. सोबत डाळ देतात, पण पुष्कळदा त्यावर माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा ओततात. वाटी पुढे करून फक्त डाळीकडे बोट दाखवा. डोसा हवा असेल तर त्याला तिथे ‘तोसाई’ म्हणतात.

मलय दुकानात नासी लमाक मागा. नारळाच्या दुधात पांदानची पानं घालून शिजवलेला भात, बाजूला तळलेले शेंगदाणे, काकडी, अंडं आणि लाल सांबाल. ज्याला सुवासिक तांदळाची आवड आहे त्याने हा भात आधी नुसता खाऊन पाहावा. पांदानच्या पानात आणि सुवासिक तांदळात वास देणारं द्रव्य एकच आहे, त्यामुळे मला तर आमच्याकडचा सुवासिक चिन्नोर तांदूळ उतू जाताना येणारा वास आठवला. सांबाल म्हणजे त्यांचा ठेचा, पण त्यात बलाचान असतो, म्हणजे आंबवलेल्या झिंग्यांचा गोळा. आणि ताटात वाळलेल्या बारीक मासोळ्या असतात, इकान बिलीस. मासोळी खाणाऱ्यांनी हे चुकवू नये, सुक्या झिंग्यांची चटणी आवडत असेल तर हेही आवडेलच. शाकाहाऱ्यांनी भात, शेंगदाणे, काकडी घ्यावी आणि सांबाल, इकान बिलीस ‘तक नाक’, म्हणजे नको, असं सांगावं. भात शिजवताना आणखी काही घातलं आहे का, तेही विचारावं.

साते म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेलं मांस, सोबत दाण्याचं दाट कालवण. कोंबडीचं आणि गाईचं एकाच निखाऱ्यावर शेजारी शेजारी असतं. ज्यांना फक्त कोंबडी चालते त्यांनी ‘साते आयाम’ स्पष्ट म्हणावं आणि वेगळ्या बाजूला भाजून मागावं.

चिनी दुकानांत लाक्सा दिसेल, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स. वाटीवर लाल तेलाचा थर पाहिला की आपला माणूस तर्री म्हणून धावतो. चव खरोखर ओळखीची लागते, फक्त खोबरं जास्त आणि मसाला कमी. पण हा रस्सा झिंग्यांचा असतो, आणि आंबट असाम लाक्सा असेल तर माशाचा. मासोळी खाणाऱ्यांसाठी मी गेंटिंगच्या थंडीत याच वाटीला पहिला नंबर देईन. चार क्वे त्याव म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या मोठ्या आचेवर परतलेल्या. कढईचा धुरकट वास हीच त्याची ओळख. परंपरेने ते डुकराच्या चरबीत करतात, हलाल दुकानात तेलात. चिनी भाज्यांत बांबूचे कोंब दिसले तर बिचकू नका, ते आपल्या गडचिरोलीकडचे वास्तेच. फक्त त्या भाजीवर सॉस कोणता ओतला ते विचारा. ‘सोस तीराम’ म्हणजे शिंपल्यांचा सॉस, आणि तो साध्या पालेभाजीवरही घालतात.

माळकऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाचं दुकान म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी दुकान. मोठ्या हॉलमध्ये एखादं असतंच, चौकशी केंद्रावर विचारा. बौद्ध रिवाजाच्या या स्वयंपाकात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही वापरत नाहीत. तरी अंड्या-दुधाचं विचारून घ्या. पुष्कळ चिनी माणसं त्यांच्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात. त्या दिवशी इथे गर्दी असते, लवकर जा. एक गोष्ट म्हाताऱ्यांना आधी समजावून सांगा: इथे सोयाबीन आणि गव्हाची कणीक पाण्यात धुऊन उरणाऱ्या चिवट गोळ्यापासून हुबेहूब बदकाचे, माशाचे तुकडे करतात. मामींनी ते पाहून तोंड फिरवलं. दुकानातल्या आजीबाईंनी हात जोडून, मान हलवून, सोयाबीनचे दाणे दाखवले तेव्हा मामी जेवल्या. ज्यांना तरीही नको वाटतं त्यांनी तौहू आणि पालेभाजी घ्यावी.

जपानी, कोरियन, थाई दुकानांत शाकाहाऱ्यांनी जपून. मिसो सूप साधं दिसतं पण त्याचं पाणी बहुधा सुक्या माशाचं असतं. किमचीत माशाचा किंवा झिंग्यांचा अर्क पडतो. थाई पपईच्या सॅलडमध्ये माशाचा सॉस आणि सुके झिंगे असतात. मासोळी खाणाऱ्यांना हे तिन्ही चालतं.

गोडासाठी चेंडोल. बर्फाच्या चुऱ्यावर नारळाचं दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि ताडगुळाचा पाक. गूळ खाणाऱ्या माणसाला हे परकं वाटत नाही. साखरवाल्यांनी दोन चमच्यांवर थांबावं. चहा मागताना नीट सांगा, नुसतं ‘तेह’ म्हटलं तर गोड आटवलेलं दूध घालून देतात. ‘तेह ओ’ म्हणजे बिनदुधाचा, ‘तेह ओ कोसोंग’ म्हणजे बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. कमी गोड हवं तर ‘कुरांग मानिस’. पावावर लावायचा काया म्हणजे नारळ आणि अंड्यांचा मुरंबा, अंडं न खाणाऱ्यांनी टाळावा.

जेवताना

चॉपस्टिक येत नाहीत म्हणून अवघडून बसू नका. मलेशियात चमचा आणि काटा सर्रास वापरतात, आणि मलय व भारतीय दुकानांजवळ उजव्या हाताने जेवणारी माणसं कितीतरी दिसतील. हात धुवायला बेसिन असतं. भात-डाळ हाताने कालवून खा. माझे मामा पहिल्या दिवशी चमच्याने अर्धं जेवले, दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मलय म्हाताऱ्याला हाताने जेवताना पाहिलं आणि बाह्या सारून बसले.

नारळाचं दूध, तेल आणि डोंगरावरची थंडी एकत्र आली की पोट जड होतं. रात्री साडेआठनंतर लाक्सा-लमाक नको, रोटी-डाळ बरी. आणि खाली उतरायचा रस्ता वळणांचा आहे, निघण्याआधी भरपेट जेवू नका.

सिंगापुरात मरीना बे सँड्स दाखवायला नेतात. २०१० मध्ये उघडलेल्या त्या कॅसिनो रिसॉर्टच्या खरेदीच्या भागात ‘रसापुरा मास्टर्स’ नावाचं फूड कोर्ट आहे. तिथेही हीच रीत, फक्त दोन फरक. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली असते, ते उचलू नका. आणि जेवण झाल्यावर ट्रे नेऊन ठेवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, पहिल्यांदा ताकीद, पुन्हा केलं तर दंड. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना लास व्हेगासच्या रिसॉर्ट्स वर्ल्डमध्ये असाच आशियाई दुकानांचा हॉल भेटेल, गेंटिंगवाल्यांनीच ते २०२१ मध्ये उघडलं. पुठ्ठा तिथेही चालेल, फक्त मलयऐवजी इंग्रजी बाजू लिहून घ्या.

शेवटचा शब्द लक्षात ठेवायचा तो ‘बुंगकुस’, म्हणजे बांधून द्या. डब्याचे थोडे पैसे वेगळे लागतात. टूरची गाडी सकाळी लवकर निघणार असेल तर आदल्या रात्री सात-आठ रोटी कोसोंग बुंगकुस करून घ्या, डाळ नको, ती सांडते. आम्ही तशाच घेतल्या. निघायच्या सकाळी ढगांतून गाडी उतरत असताना सासूबाईंनी जवसाच्या चटणीची पुडी सोडली, एकेकाच्या हातावर रोटी ठेवत गेल्या, आणि मला म्हणाल्या, ‘मैदा सैल भिजवते तो. घरी करून पाहू.’